लीद टाकली का?

माझा दवाखाना बिबवेवाडीत आहे. खाली वाण्याचं दुकान, वर मी. बोर्डावर ‘पशुवैद्य’ लिहिलंय, पण येतात ती फक्त कुत्री आणि मांजरं. हल्ली तर अशी कुत्री येतात की त्यांना जिना चढायचं माहीत नसतं, कारण त्यांना कडेवरून आणतात. आणणाऱ्या बाई सांगतात की बाळ सकाळपासून काही खात नाही, आणि बाळ काट्यावर ठेवलं की काटा बिचारा दमतो. मग मी बोलते. मी फटकळ आहे, सगळी बिबवेवाडी हे जाणून आहे, तरी लोक येतात. जवळपास दुसरं कोणी नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

माझा जीव खरा मोठ्या जनावरांत. नोकरीची पहिली वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथे खांद्यापर्यंत हात घालून वासरं ओढली, बैलांच्या लाथा खाल्ल्या आणि मजेत राहिले. लग्न होऊन पुण्यात आले आणि ते सगळं संपलं. म्हणून कात्रजच्या अलीकडच्या एका म्हाताऱ्याची घोडी माझ्याकडे आली तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. हे त्या घोडीबद्दल आहे, आणि तिच्या बाबतीत मी कसं शेण खाल्लं त्याबद्दल आहे. शेवट चांगला नाही, आधीच सांगून ठेवते.

म्हातारा मूळचा शेतकरी. त्यांचं गाव महापालिकेत आलं, जमीन बिल्डरकडे गेली, त्याच जमिनीवर आठ मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. फ्लॅटमध्ये मुलगा, सून आणि मोठ्ठा टीव्ही. काका मात्र दिवसभर खालीच. कंपाउंडच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड उरली होती, तिथे वरातीची पांढरी घोडी बांधलेली असे. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा वेळ त्या शेडमध्ये जायचा. सोसायटीवाले लिदीच्या वासाबद्दल तक्रारी करायचे. शेवटी मुलाने मध्यस्थी केली आणि ठरलं असं, की घोडी आहे तोवर शेड राहील, त्यानंतर तिथे पार्किंग होईल. काकांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, जणू काही घोडीच्या तब्येतीचीच माहिती देत होते.

पहिली भेट जखमेमुळे झाली. वरातीत नाचणाऱ्यांच्या गर्दीत घोडी मागे सरकली आणि रस्त्याच्या कामाच्या पत्र्याने तिची मांडी वीतभर फाटली. मी गेले, पाहिलं आणि बॅगेतून झायलाझिन काढलं. काचेच्या छोट्या बाटलीत पाण्यासारखं दिसणारं हे औषध जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत कायम असतं. गुंगी आणतं आणि वेदनाही मारतं. शिरेत सुई गेली आणि दोन-तीन मिनिटांत घोडीची मान खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला, पाय जरा फाकले. मी टाके घालायला बसले. काकांना आधीच बजावलं की ही झोपलेली दिसते पण अचानक लाथ मारू शकते, तेव्हा मागे उभं राहायचं नाही. ते पुढे उभे राहिले, तिचं डोकं छातीशी धरून.

“दुखत न्हाई तिला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, आत्ता नाही. त्यांनी एक लांब श्वास सोडला. त्यांची बायको कॅन्सरने गेली होती, शेवटचे दोन महिने तिच्या ओरडण्याने शेजारीही झोपत नव्हते, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. तेव्हा मी फक्त पाहिलं की हा माणूस त्या बाटलीकडे देवाच्या तीर्थाकडे पाहावं तसा पाहतोय.

जखम भरायला महिना लागला. रोज अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं होतं आणि रोज बिबवेवाडीपासून कात्रजपर्यंतच्या त्या वाहतुकीत जीव घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी काकांनाच मानेच्या स्नायूत सुई द्यायला शिकवलं. त्यांचा हात माझ्या कंपाउंडरपेक्षा हलका निघाला. घोडी कानही हलवायची नाही. मी तसं बोलून दाखवलं, आणि मी कोणाचं कौतुक सहसा करत नाही. काका लाजले. पुढची काही वर्षं जंताचं औषध, धनुर्वाताची लस, सगळं मी द्यायचे आणि टोचायचे ते. ते मला डॉक्टरबाई म्हणायचे, दर दिवाळीला घरी येऊन फराळ द्यायचे, चहा पिऊन जायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. मे महिना होता, लग्नसराई जोरात. आदल्या दिवशी, रविवारी, घोडीच्या दोन वराती झाल्या होत्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. वरात निघण्यापूर्वी नवरदेवाच्या बहिणींनी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची, अशी पद्धत काही लोकांत आहे. पूर्वी मारवाडी-गुजराती घरांतच होती, आता सिनेमे पाहून सगळेच करतात. एक बहीण असली तर ठीक. पण हल्ली मावसबहिणी, चुलतबहिणी, मैत्रिणी, ज्यांना फोटो काढायचा त्या सगळ्या बहिणी. प्रत्येकीच्या हातात ताट. मी काकांना कैक वेळा सांगितलं होतं की मूठभर खाऊ घाला आणि बाकीचं नाही म्हणा, भिजलेली डाळ घोड्याच्या पोटात फुगते. काका म्हणायचे, बहिणींचा मान हाय, नवरदेवाचं शुभ असतंय, न्हाई कसं म्हनू? त्या रविवारी घोडीने दोन लग्नांतल्या सगळ्या बहिणींचा मान राखला.

सोमवारी सकाळी सातला काकांचा फोन आला. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरतेय, वळूनवळून आपल्या पोटाकडे बघतेय, खाली बसते आणि लोळते. मी चपला अडकवल्या आणि निघाले. घोड्याच्या पोटात कळा येणं हे माणसाच्या पोटदुखीसारखं नसतं. घोड्याला उलटी करता येत नाही, आत अडकलेलं वर येतच नाही, आणि आतड्याला पीळ बसला तर दिवसाच्या आत खेळ आटोपतो.

मी पोचले तेव्हा ती घामाने भिजली होती. नाडी पन्नासच्या पुढे, एरवी घोड्याची चाळीसच्या आत असते. पोटावर स्टेथोस्कोप लावला तर नेहमीची गुडगुड जवळपास बंद. वाईट होतं, पण फार वाईट नव्हतं. मी झायलाझिन दिलं, नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं, अडकलेलं सरकावं म्हणून. दहा मिनिटांत ती शांत उभी राहिली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले की पहाटेपासून तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, आता वाट बघायची. लीद टाकली की जिंकलो.

इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं. पुढचं ऐका.

दवाखान्यात दहा वाजता एका लॅब्रेडॉरचं ऑपरेशन होतं. गर्भाशयात पू झालेली कुत्री, ते पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. काका विचारत होते की मी गेल्यावर कळ परत आली तर काय करू. मी बाटली आणि एक सिरिंज त्यांच्या हातात ठेवली. सिरिंजवर पेनाने रेघ मारली. म्हटलं, “फारच तडफडायला लागली तर एवढंच, या रेघेपर्यंत, मानेत. एकदाच. आणि मला फोन.”

झायलाझिन कळ थांबवतं, आतड्याचा पीळ सोडवत नाही. उलट आतड्याची हालचाल आणखी मंदावते. आणि औषध दिल्यावर कळ किती लवकर परत येते, त्यावरूनच डॉक्टरला समजतं की आत साधा गॅस आहे की घोडी ऑपरेशनला न्यायला हवी. ती कळ म्हणजे मला येणारा निरोप होता. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल की मालकाच्या हातात बाटली ठेवून जायचं नसतं. मला हे माहीत होतं, आणि तरी मी ठेवली. काकांचा हात हलका होता, घोडीवर त्यांची माया होती, आणि मला घाई होती.

बारा वाजता काकांचा फोन आला. मी नुकतीच हात धुवून बाहेर आले होते, ऑपरेशन छान झालं होतं, मी खुशीत होते. मी विचारलं, “शांत आहे ना?”

“हाय,” ते म्हणाले. “निवांत हुबी हाय.”

मी म्हटलं, मग झालं, पाणी ठेवा समोर. फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, ती चव अजून आठवते.

तीनला पुन्हा फोन. मी पुन्हा तेच विचारलं. शांत आहे का? शांत हाय. मी म्हटलं, संध्याकाळी येतेच. दोन फोन, आणि दोन्ही वेळा मी तोच बावळट प्रश्न विचारला. लीद टाकली का, हे विचारलं नाही. सुई कितीदा दिली, हेही विचारलं नाही. त्या माणसाने आपणहून सांगितलं नाही, कारण डॉक्टरबाईंना सारखा त्रास कशाला द्यायचा, आणि घोडी शांत होती हे तर खरंच होतं. तो खोटं बोललाच नाही.

पाच वाजता पोचले तेव्हा ऊन होतं. घोडी उभी होती, मान खाली, ओठ लोंबलेला. लांबून बघितलं तर अगदी गुणी पोरीसारखी. जवळ जाऊन हात लावला. कान थंडगार. हिरड्या जांभळट, कडेने तर विटेच्या रंगाची रेघ. नाडी मोजली, नव्वदच्या वर. झायलाझिन नाडी उतरवतं, आणि तरीही नव्वद. पोटावर स्टेथोस्कोप लावला, आत काही नव्हतं. भिंतीला कान लावावा तसं.

बाटली खोक्यावर ठेवली होती. मी ती उजेडात धरली. तळाला चार थेंब उरले होते.

काकांनी सांगितलं. मी गेल्यावर तासाभरात कळ आली, त्यांनी रेघेपर्यंत दिलं. ती शांत झाली. पुन्हा आली, पुन्हा दिलं. दर तासा-दीड तासाने. ती नुसता पाय आपटायला लागली की ते सुई भरायचे. दुपारनंतर तर पाय आपटण्याचीही वाट पाहिली नाही. ते सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा अपराधी नव्हता. दिवसभर लेकराला दुखू दिलं नाही, असा चेहरा होता.

मी रेसचे घोडे कापणाऱ्या ओळखीच्या एका सर्जनला फोन लावला. त्याने नाडी विचारली, हिरड्यांचा रंग विचारला, किती तास झाले ते विचारलं. मग म्हणाला, टेम्पोत चढवू नका, रस्त्यात पडेल. दुपारी बारा-एकला फोन केला असतात तर बघितलं असतं. तो काही टोमणा मारत नव्हता, त्याने नुसती वेळ सांगितली.

एवढ्यात मुलगा ऑफिसमधून आला. गळ्यात आयडी कार्ड, हातात हेल्मेट. त्याला मी सांगितलं की आतडं मेलंय, आता हिला सोडवणं एवढंच आपल्या हातात आहे. त्याने विचारलं, असं कसं झालं, सकाळी तर रिकव्हर होत होती. काकांनी बाटलीकडे बोट केलं आणि जे मला सांगितलं तेच त्याला सांगितलं. मुलगा वाईट नाही. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो. म्हणाला, “पप्पा, तुम्ही डॉक्टर आहात का? तुम्हीच मारलंत तिला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

ते काय पाहत होते ते मला स्पष्ट कळलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की बाटली मी ठेवून गेले, दोनदा फोन आला आणि मी नीट विचारलं नाही. दोन वाक्यं. मुलगा माझ्यावर ओरडला असता, सोसायटीत माझी बदनामी झाली असती, बस. मी जन्मभर लोकांना तोंडावर बोलले आहे. शेठजी, मंत्र्याचा मेहुणा, कोणाला भ्याले नाही. आणि त्या वेळी माझ्या तोंडातून निघालं, “मी एकदाच द्या म्हणून सांगितलं होतं.”

शब्द न् शब्द खरा होता.

काकांनी मान डोलावली. मुलाकडे वळून म्हणाले, “व्हय. बाईंनी एकदाच सांगितलं हुतं. माझीच चूक हाय.” माझी बाजू घेतली त्यांनी.

मग जे करायचं ते केलं. आधी बॅगेतल्या दुसऱ्या बाटलीतून झायलाझिन, तिला पूर्ण गुंगी यावी म्हणून, आणि मग शिरेत ते कायमचं झोपवणारं औषध. काकांनी पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच डोकं छातीशी धरलं. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, एवढं मोठं धूड कोसळताना माणूस सापडतो. ते शेवटच्या क्षणी बाजूला झाले. इमारतीतून संध्याकाळच्या आरतीचं रेकॉर्डिंग ऐकू येत होतं, कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. मी तिच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि सांगितलं की झालं. महापालिकेची गाडी दुसऱ्या दिवशी आली. शेड पंधरा दिवसांत उतरली.

मला वाटलं होतं की दोन-चार दिवसांत जाईन आणि सांगेन. गेले नाही. दवाखाना होता, मग पावसाळ्यात कुत्र्यांचे ताप होते, मग गणपती होते. कारणांना काय तोटा. काकांची सून एकदा मंडईत भेटली, म्हणाली, पप्पा खाली उतरत नाहीत आता. जेवतात, झोपतात, आपल्या उजव्या हाताकडे बघत बसतात. मी भाजी तिथेच ठेवून घरी आले.

नवरात्राच्या आधी एका सकाळी शेवटी गेले. सातवा मजला. काका बाल्कनीत खुर्चीवर होते, खाली पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. ते खूप वाळले होते. मी प्रास्ताविक वगैरे केलं नाही, मला ते येत नाही. सगळं सांगून टाकलं. बाटली ठेवून जायचीच नसते, आणि मला ते माहीत होतं. फोनवर लीद टाकली का हे विचारणं माझं काम होतं, ते विचारलं असतं तर मी बाराला येऊन तिला ऑपरेशनला नेलं असतं, आणि कदाचित ती वाचली असती. मुलासमोर मी स्वतःला वाचवलं. चूक माझी आहे काका, तुमची नाही. मी रडणारी बाई नाही, पण रडले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

“बाई, तुमी लई मायाळू हाय,” ते म्हणाले. “पर माझं दुखणं मारायला खोटं नका बोलू.”

मी चिडले. खोटं नाही हो काका, देवाशपथ खरं सांगतेय, असं म्हणाले. दोनदा म्हणाले. ते लहान मुलाची समजूत काढावी तसे मान हलवत राहिले.

“त्या दिवशी पोरासमोर बोलला, तेच खरं,” ते म्हणाले. “एकदाच सांगितलं हुतं तुमी.”

सुनेने चहा आणला. काकांनी तिला सांगितलं, बाईंना बिस्किट दे. मी चहा संपवला आणि लिफ्टने खाली आले.